तुम्ही विचारलंत म्हणून : डार्विन नुन्येझची खरी किंमत किती होती?

लिव्हरपूलचे सामने मी अनेक वर्षे नेमाने पाहतो हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांच्याकडून मला अजूनही एकच प्रश्न येतो: डार्विन नुन्येझला क्लबने विकले ते बरोबर केले का, आणि मुळात तो चांगला फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या फळीत गोल करण्यासाठी खेळणारा, होता की नव्हता? विचारणारे कधी पुण्यातल्या कार्यालयातले सहकारी असतात, कधी कोल्हापूरचे नातलग, तर कधी नुकताच फुटबॉल पाहू लागलेला एखादा भाचा. त्यांतल्या बहुतेकांचे उत्तर आधीच ठरलेले असते आणि माझ्याकडून त्यांना फक्त दुजोरा हवा असतो. तोंडी उत्तर द्यायला लागलो की कुणीतरी त्याने हुकवलेला एखादा सोपा गोल मध्येच काढतो आणि पुढचे बोलणे तिथेच अडकते, म्हणून एकदा सलग लिहून ठेवतो.

त्याला विकले ते बरोबर झाले असे माझे मत आहे. मात्र त्यासाठी सहसा जे कारण दिले जाते, की तो भरवशाचा नव्हता, ते मला पटत नाही. नुन्येझच्या खेळाचा फार मोठा भाग आठवड्यामागून आठवडे तसाच, न बदलता दिसत असे; बेभरवशाचा होता तो चेंडूला होणारा त्याचा शेवटचा स्पर्श. त्या भरवशाच्या भागाची ज्या संघाला गरज होती, तो संघच 2024 च्या उन्हाळ्यानंतर राहिला नाही. त्याच्या किमतीविषयीचा सगळा वाद, माझ्या मते, या एका गोष्टीभोवती फिरतो.

तो आला 2022 च्या जूनमध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी. उरुग्वेच्या उत्तर सीमेवरच्या आर्तिगास गावचा हा मुलगा पेन्यारोल, स्पेनच्या दुसऱ्या श्रेणीतला अल्मेरिया आणि मग लिस्बनचा बेनफिका असा प्रवास करून आला होता. 2021-22 च्या हंगामात त्याने पोर्तुगीज लीगमध्ये 26 गोल केले होते आणि युरोपातल्या अव्वल क्लबांच्या चॅम्पियन्स लीग स्पर्धेत, उपांत्यपूर्व फेरीत, खुद्द लिव्हरपूलविरुद्ध दोन्ही सामन्यांत गोल केला होता. लिव्हरपूलचा फॉरवर्ड सादिओ माने त्याच उन्हाळ्यात बायर्न म्युनिकला गेला, त्यामुळे पुढच्या फळीत जागा रिकामी होती. लिव्हरपूलने 6.4 कोटी पौंड निश्चित आणि अटी पूर्ण झाल्यास एकूण 8.5 कोटी पौंडांपर्यंत जाईल असा करार केला. या दोन आकड्यांतला फरक लक्षात ठेवावा असे मी प्रत्येकाला सांगतो, कारण त्याच्यावर टीका करणारे कायम दुसरा आकडा वापरत आले आणि त्याची बाजू घेणारे पहिला, आणि निम्मी भांडणे तर केवळ यावरून झाली.

त्याच उन्हाळ्यात मँचेस्टर सिटीने फॉरवर्ड अर्लिंग हालांडला घेतले होते, आणि 30 जुलै 2022 ला, हंगामाच्या तोंडावर होणाऱ्या कम्युनिटी शील्डच्या सामन्यात हे दोघे समोरासमोर आले. त्या दिवशी हालांडने अगदी जवळून चेंडू आडव्या खांबावर मारला, तर बदली खेळाडू म्हणून उतरलेल्या नुन्येझच्या हेडरवरून संघाला पेनल्टी मिळाली आणि भरपाई वेळेत त्याने स्वतःही गोल केला. लिव्हरपूल 3-1 ने जिंकले. इंग्लंडमधल्या पहिल्या आठवड्यात हसे झाले ते हालांडचे, ही गोष्ट आज सांगितली तर खरी वाटत नाही. त्या हंगामात हालांडने लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये, 36 गोल केले. नुन्येझने नऊ केले. आठवड्याभराने फुलहॅमविरुद्ध तो पुन्हा बदली म्हणून आला, टाचेने चेंडू वळवून गोल केला आणि सहकारी फॉरवर्ड मोहम्मद सालाहच्या गोलालाही हातभार लावला. त्यानंतर ॲनफिल्ड या लिव्हरपूलच्या घरच्या मैदानावरच्या पहिल्याच लीग सामन्यात क्रिस्टल पॅलेसच्या योआकिम अँडरसनला डोके मारून तो लाल कार्ड घेऊन बाहेर गेला. पुढच्या तीन वर्षांत जे काही पाहायला मिळणार होते, ते सगळे त्या पहिल्या तीन सामन्यांत थोडक्यात येऊन गेले होते असे मला वाटते.

आता तो भरवशाचा भाग कोणता ते सांगतो. नुन्येझ बचाव फळीच्या मागच्या मोकळ्या जागेत धावत असे, आणि चेंडू येवो न येवो, धावत असे. त्या धावण्यामुळे विरुद्ध संघाचे मधले बचावपटू मागे सरकत आणि सालाह किंवा लुईस डियाझ यांना चेंडू घेऊन वळायला जागा मिळे. गोलसमोर तो ज्या ठिकाणी पोहोचत असे, ती ठिकाणे उत्तम होती. फुटबॉलच्या आकडेवारीत हल्ली 'अपेक्षित गोल' हे माप वापरतात: एखादा फटका ज्या जागेवरून आणि ज्या परिस्थितीत मारला गेला, तिथून सरासरी खेळाडू किती वेळा गोल करतो यावरून त्या संधीचे वजन काढतात आणि सगळ्या संधींची बेरीज करतात. या मापावर, मैदानात घालवलेल्या वेळेच्या प्रमाणात, नुन्येझ लीगमधल्या वरच्या फळीत बसत असे. प्रत्यक्षात झालेले गोल मात्र त्या बेरजेच्या बरेच खाली राहत.

आकडेवारीवर विश्वास ठेवणारे समर्थक यावरून म्हणत की संधी मिळवणे हे खरे कौशल्य आहे, त्या गोलात बदलणे हे काही अंशी नशीब आहे आणि नशीब पुढेमागे सरासरीवर येते. 2023-24 च्या हंगामात या म्हणण्याला जोर होता. ऑगस्टमध्ये न्यूकॅसलच्या मैदानावर लिव्हरपूल एका गोलने मागे होते, कर्णधार व्हॅन डाइकला अठ्ठाविसाव्या मिनिटालाच लाल कार्ड मिळाले होते, आणि शेवटच्या तेरा-चौदा मिनिटांसाठी आलेल्या नुन्येझने जवळपास एकसारखे दोन गोल करून दहा जणांच्या संघाला 2-1 ने जिंकून दिले. पुढे मार्चमध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध भरपाई वेळेच्या नवव्या मिनिटाला त्याच्या हेडरने सामना जिंकला. त्या हंगामात त्याचे सर्व स्पर्धांत मिळून 18 गोल झाले, लीगमध्ये 11 गोल आणि सहकाऱ्यांच्या आठ गोलांना पास. अनियमित म्हणून हिणवल्या जाणाऱ्या खेळाडूसाठी हा हिशेब वाईट नाही.

पण त्याच हंगामात, 31 जानेवारी 2024 ला, चेल्सीविरुद्ध त्याने एकाच सामन्यात चार वेळा चेंडू खांबावर मारला, त्यात एक पेनल्टीही होती. लिव्हरपूल 4-1 ने जिंकले म्हणून त्या रात्री सगळे हसले. त्या चार फटक्यांकडे नशीब म्हणून पाहणारे आणि कसब कमी आहे म्हणून पाहणारे असे दोन तट त्या रात्री पडले आणि ते पुढे कधी मिटले नाहीत. माझा कल दुसऱ्या तटाकडे आहे. खांब दोन-तीन वेळा आडवा आला तर ते दुर्दैव म्हणता येते. पण तीन हंगाम संधींची बेरीज गोलांच्या बेरजेपेक्षा मोठीच राहिली, तर 'पुढच्या वर्षी सरासरी होईल' हे म्हणणे उधारीवर चालवलेल्या दुकानासारखे होते. शिवाय त्याचे चांगले गोल आठवून पाहा. न्यूकॅसलचे दोन, फुलहॅमचा, फॉरेस्टचा, या सगळ्यांत त्याच्याकडे विचार करायला क्षणभरही नव्हता. गोलरक्षक एकटा समोर आहे, चेंडू पायाशी आहे आणि दोन सेकंदांचा वेळ आहे, अशा वेळी तो गडबडत असे. हे नशिबाचे लक्षण नाही.

लिव्हरपूलच्या समर्थकांत या वादाला जी धार आली, तिला आणखी दोन फॉरवर्ड कारणीभूत आहेत, आणि दोघेही नुन्येझच्या आधीचे. पहिला रॉबेर्टो फिरमिनो. 2019-20 मध्ये लिव्हरपूलने तीस वर्षांनी लीग जिंकली तेव्हा संघाचा मध्यवर्ती फॉरवर्ड असलेल्या फिरमिनोचे लीगमधले गोल होते फक्त नऊ, आणि त्यांतला ॲनफिल्डवरचा एकमेव गोल हंगामातल्या तिथल्या शेवटच्या सामन्यात आला. तरीही त्याला संघातून काढा असे म्हणणारे थोडेच होते, कारण तो मागे येऊन चेंडू घेई, दाबाखालीही तो गमावत नसे आणि विरुद्ध संघाचा बचाव चेंडू बाहेर काढू लागला की पहिली झडप त्याचीच असे. फॉरवर्ड गोलांवरून मोजायचा नसतो हे लिव्हरपूलच्या प्रेक्षकाला फिरमिनोने शिकवले. 2023 मध्ये तो गेल्यावर त्याचा 9 क्रमांकाचा शर्ट नुन्येझने घेतला, आणि फिरमिनोला लावलेले माप नुन्येझलाही लावावे असे त्याचे पाठीराखे म्हणू लागले. हे माप त्याला लागू होत नाही, असे मला तेव्हाही वाटत असे. फिरमिनो गोल न करताही संघाचा खेळ सुरळीत करत असे. नुन्येझमुळे खेळ मोकळा आणि वेगवान होई, पण त्याच्या पायाला लागून परत फिरलेले चेंडूही तितकेच असत. बचावाकडे पाठ करून, अंगावर आलेल्या बचावपटूला थोपवत चेंडू जपण्याचे काम त्याला फारसे जमत नसे.

दुसरा लुईस सुआरेझ. तोही उरुग्वेचा, तोही तापट, आणि तोही पहिल्या पूर्ण हंगामात संधी वाया घालवणारा: 2011-12 मध्ये त्याचे लीगमध्ये 11 गोल होते, खांबावर मारलेले फटके मोजायला लोक कंटाळले होते. पुढच्या हंगामात 23 झाले आणि त्यापुढच्या हंगामात, एकही पेनल्टी न मारता, 31. 'सुआरेझलाही वेळ लागला होता' हे वाक्य 2022 ते 2024 या काळात मी इतक्यांदा ऐकले आहे की ते कुठल्याही चर्चेत केव्हा येणार याचा अंदाज मला बोलणाऱ्याचा चेहरा पाहून येऊ लागला होता. तुलना मोहात पाडणारी आहे, पण सुआरेझ दोन-तीन बचावपटूंच्या गराड्यातून स्वतःची संधी स्वतः तयार करत असे. त्याचा शेवटचा स्पर्श सुधारला तेव्हा बाकी सगळे आधीपासून हजर होते. नुन्येझला संधी दुसऱ्या कुणीतरी द्यावी लागते आणि ती मोकळ्या जागेत द्यावी लागते.

मोकळी जागा प्रशिक्षक युर्गेन क्लोप यांच्या संघात मिळत असे. चेंडू वरच्या भागात हिसकावून घ्यायचा आणि विरुद्ध संघ सावरायच्या आत पुढे फेकायचा, ही त्यांची पद्धत; तिच्यात सामना अधूनमधून विस्कटतो, आणि विस्कटलेल्या सामन्यात नुन्येझसारखा माणूस धोकादायक असतो. 2024 च्या मे महिन्यात क्लोप यांनी क्लब सोडला आणि त्यांच्या जागी आर्ने स्लॉट आले. स्लॉट यांना चेंडू ताब्यात ठेवून सामन्याचा वेग आपल्या हाती ठेवणे आवडते. त्यांनी मध्यभागी डिओगो जोटाला खेळवले, आणि पुष्कळदा मुळात डावीकडच्या डियाझला. नुन्येझ लीगमध्ये 30 सामन्यांत उतरला, पण सुरुवातीच्या अकरांत त्याचे नाव फक्त आठ वेळा होते. त्याने लीगमध्ये पाच आणि सगळे मिळून सात गोल केले. त्या हंगामात त्याचा खेळ खालावला असे सरसकट म्हणतात; मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे की त्याला मिळणाऱ्या संधीच घटल्या, म्हणजे इतकी वर्षे जो भाग भरवशाचा होता तोच आटला.

2025 चे पहिले तीन महिने मात्र त्याच्यावरच्या वादाचा अर्क होते, आणि मला प्रश्न विचारणारे प्रत्येकजण याच महिन्यांतून आपापला पुरावा उचलतात. 18 जानेवारीला ब्रेंटफर्डच्या मैदानावर नव्वद मिनिटे 0-0 होते. भरपाई वेळेत, दोन मिनिटांच्या अंतराने, बदली आलेल्या नुन्येझने दोन गोल केले. त्याच संध्याकाळी आर्सेनलने ॲस्टन व्हिलाशी 2-2 अशी बरोबरी केली, आणि लिव्हरपूल एक सामना कमी खेळून सहा गुणांनी पुढे गेले. 'या एका सामन्यात त्याने पैसे फेडले' असे त्या रात्री अनेकांनी लिहिले. हंगाम संपला तेव्हा लिव्हरपूल 84 गुणांवर होते आणि आर्सेनल 74 वर, म्हणजे ब्रेंटफर्डचे दोन जादा गुण वजा केले तरी विजेतेपद कुठे जात नव्हते. जानेवारीत हे कुणाला माहीत नव्हते, हेही तितकेच खरे आहे. त्या दोन मिनिटांनी पाठलाग करणाऱ्यांचा धीर खचवला असेल, पण तो कोणत्याही ताळेबंदात दाखवता येत नाही.

महिन्याभराने, 19 फेब्रुवारीला, व्हिलाच्या मैदानावर 2-2 असताना सहकारी सोबोस्लाइने त्याला रिकाम्या गोलसमोर चेंडू दिला आणि त्याने तो वरून मारला. स्लॉट यांनी नंतर सांगितले की संधी हुकणे त्यांना मान्य आहे, पण त्यानंतर नुन्येझने धावण्यात हात आखडता घेतला ते मान्य नाही. सर्वसाधारण प्रेक्षकाला त्या सामन्यातला हुकलेला फटका आठवतो. मला स्लॉट यांचे ते बोलणे अधिक गंभीर वाटले, कारण ते नेमके त्याच्या भरवशाच्या भागावर बोट ठेवत होते. गोल हुकवूनही धावत राहणारा नुन्येझ संघाला परवडत होता. गोल हुकवल्यावर खांदे पाडणारा परवडणार नव्हता.

मग पॅरिस. चॅम्पियन्स लीगच्या शेवटच्या सोळा संघांच्या फेरीत मार्चमध्ये पॅरिस सेंट जर्मेनने पहिल्या सामन्यात लिव्हरपूलला अक्षरशः कोंडून ठेवले होते. गोलरक्षक ॲलिसनने नऊ फटके अडवले. सत्त्याऐंशीव्या मिनिटाला ॲलिसनचाच लांब चेंडू नुन्येझने बचावपटूंना अंगावर घेत ताब्यात ठेवला आणि हार्वी एलियटकडे सरकवला. मैदानात येऊन मिनिटही न झालेल्या एलियटने गोल केला आणि लिव्हरपूल 1-0 ने जिंकले. त्याला जमत नाही म्हणून वर मी जे काम सांगितले, तेच काम त्याने त्या हंगामातल्या सर्वांत अवघड रात्री केले, हे नोंदवायलाच हवे. सहा दिवसांनी ॲनफिल्डवर पॅरिसने एक गोल केला, दोन्ही सामने मिळून बरोबरी झाली, जादा वेळ संपला आणि सामना पेनल्टींवर गेला. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे चार वाजून गेले होते. लिव्हरपूलची पहिली पेनल्टी सालाहने मारली. दुसरी मारायला नुन्येझ गेला आणि पॅरिसचा गोलरक्षक डोन्नारुम्माने ती अडवली; तिसरी, कर्टिस जोन्सची, तीही अडवली. पॅरिसने चारही गोल केले आणि पुढे स्पर्धाही जिंकली. जोन्सच्या पेनल्टीविषयी मला आजवर कुणीही विचारलेले नाही.

आता पैशांकडे येतो, कारण 'सहा-साडेसहा कोटींना घेतला, साडेचार कोटींना विकला, म्हणजे पावणेदोन कोटी पौंड बुडाले' हा हिशेब मला सतत ऐकवला जातो. ऑगस्ट 2025 मध्ये रियाधच्या अल हिलालने त्याच्यासाठी सुमारे 4.6 कोटी पौंड दिले, हे बरोबर आहे. पण फुटबॉल क्लब खेळाडूची खरेदी एका वर्षाच्या खर्चात दाखवत नाहीत. ती कराराच्या वर्षांवर विभागून दाखवतात. नुन्येझचा करार सहा वर्षांचा होता. अटींवर अवलंबून असलेले वाढीव हप्ते बाजूला ठेवले तर 6.4 कोटींचे दर वर्षी साधारण 1.07 कोटी होतात, आणि तीन वर्षांनी वहीत त्याची उरलेली किंमत 3.2 कोटी राहते. तो 4.6 कोटींना गेला म्हणजे त्या वर्षाच्या ताळेबंदात सुमारे 1.4 कोटींचा नफा. प्रीमियर लीगमध्ये तेव्हा क्लबला तीन वर्षांत किती तोटा करता येतो यावर मर्यादा असल्यामुळे हा वहीतला नफा केवळ कागदी समाधान नव्हता. त्याच उन्हाळ्यात लिव्हरपूलने व्हिर्ट्झ, एकिटिके आणि शेवटी 12.5 कोटी पौंडांना आयझॅक घेतला, त्या खर्चाला अशा विक्रीचा आधार असतो. रोखीत तोटा झाला, यात वाद नाही. मात्र त्या पावणेदोन कोटींत क्लबला तीन हंगाम, 143 सामने आणि 40 गोल मिळाले, आणि शेवटच्या हंगामात लीगचे विजेतेपदही. पगार धरला तर आकडा बराच मोठा होतो, पण पगार तर न खेळणाऱ्यालाही द्यावा लागतो.

विक्री केव्हा करायला हवी होती, हा प्रश्न मला किमतीपेक्षा महत्त्वाचा वाटतो. 2025 च्या जानेवारीत, ब्रेंटफर्डच्या त्या सामन्यानंतर, सौदी अरेबियाच्या अल नासरला तो हवा होता आणि लिव्हरपूलने सोडला नाही. अल नासरने मग व्हिलाचा जॉन दुरान घेतला. पुढचा फेब्रुवारी पाहून तेव्हाच विकायला हवा होता असे म्हणणारे बरेच आहेत. मला तो नकार योग्य वाटतो. विजेतेपदाच्या शर्यतीत असलेला संघ हंगामाच्या मध्यावर आपला एक फॉरवर्ड, त्याच्या जागी दुसरा हाताशी नसताना, विकत नाही. जोटा वारंवार जखमी होत होता आणि उन्हाळ्यात स्वस्तात आणलेला फॉरवर्ड किएझा अजून खेळायला तयार नव्हता. किंमत सर्वांत जास्त मिळाली असती ती 2024 च्या उन्हाळ्यात. तेव्हा त्याच्या नावावर ताजे 18 गोल होते, वय पंचवीस होते आणि कराराची चार वर्षे बाकी होती. पण नव्या प्रशिक्षकाला हातातले खेळाडू आधी पाहू देणे हा निर्णयही चुकीचा म्हणता येत नाही. किंमत आणि गरज यांची शिखरे वेगवेगळ्या महिन्यांत येतात. अनियमित फॉरवर्डच्या बाबतीत हे अंतर जास्त जाणवते, कारण त्याचा भाव मागच्या चार सामन्यांवर हलतो.

ॲनफिल्डवरचे प्रेक्षक मात्र त्याला शेवटपर्यंत नावाने हाका मारत राहिले. याचे बाहेरच्यांना आश्चर्य वाटते. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठांच्या तालमींचे सामने पाहत वाढलेल्या माणसाला वाटत नाही. जीव तोडून धावणारा फॉरवर्ड गोल हुकवतो तेव्हा तिथली गॅलरी त्याला शिव्या घालते, आणि पुढच्या चेंडूला पुन्हा त्याच्याच मागे उभी राहते. 2025 च्या जुलैत जोटा अपघातात गेला. त्यानंतरच्या पहिल्या सामन्यात, प्रेस्टनच्या मैदानावर, नुन्येझने गोल केला आणि जोटाच्याच पद्धतीने तो साजरा केला. महिन्याभरात तो रियाधला गेला. समर्थकांच्या मनातला त्याचा भाव या अशा गोष्टींनी ठरतो, आणि त्याचा खरेदी-विक्रीशी काही संबंध नाही. दोन्ही भाव एकाच वाक्यात मिसळले की वाद घालणारे दोघेही बरोबर असूनही भांडत राहतात.

माझ्या भाच्याने यावर एक वेगळा प्रश्न विचारला होता: मामा, तू क्लब चालवत असतास तर त्याला कुठे पाठवला असतास? अल हिलालला नक्कीच नाही, असे मी त्याला सांगितले. पैशांसाठी तो निर्णय समजण्यासारखा आहे, पण सौदी लीगमध्ये अल हिलालकडे बहुतेक सामन्यांत चेंडू अधिक वेळ असतो आणि समोरचा संघ आपल्या गोलसमोर गर्दी करून बसतो, म्हणजे स्लॉट यांच्या संघात ज्या जागेअभावी तो कोंडला गेला तीच अडचण तिथेही. तो कुठे शोभतो हे उरुग्वेने दाखवून दिले आहे. 2023 च्या ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्ये, विश्वचषकाच्या पात्रता फेरीत, मार्सेलो बिएल्सा यांच्या संघाने आधी माँटेव्हिडिओत ब्राझीलला आणि मग ब्यूनोस आयर्समध्ये जगज्जेत्या अर्जेंटिनाला 2-0 ने हरवले. नुन्येझने दोन्ही सामन्यांत गोल केला. अर्जेंटिनाविरुद्धचा गोल सत्त्याऐंशीव्या मिनिटाला आला, अर्जेंटिना बरोबरीसाठी पुढे सरसावलेली असताना, मागच्या अर्ध्या मैदानात धाव घेऊन. ज्या संघाकडे चेंडू कमी असतो, जो समोरच्याला अंगावर येऊ देतो आणि मग एका लांब पासवर धावतो, अशा संघाने 6.4 कोटी देण्याचा प्रश्नच नव्हता, कारण असे संघ सहसा इतके श्रीमंत नसतात. साडेतीन कोटींना, इंग्लंड किंवा स्पेनमधल्या मधल्या फळीतल्या एखाद्या क्लबने घेतला असता, तर त्याच्याविषयी हा प्रश्न मला कुणी विचारला नसता.